एका रविवारची मॅरेथॉन, वीस रविवारांचा रस्ता

जानेवारीतला तिसरा रविवार आता मुंबईच्या पंचांगात कायमचा जाऊन बसला आहे. १५ फेब्रुवारी २००४ रोजी पहिली मुंबई मॅरेथॉन झाली, तेव्हा हे सारे नव्याचे नऊ दिवस आहेत, असे म्हणणारे कमी नव्हते. पुढल्याच वर्षापासून स्पर्धा जानेवारीत आली, सागरी सेतू झाल्यावर तिच्या मार्गात त्याची भर पडली, २०१८ पासून मुख्य प्रायोजक बदलले, करोनामुळे २०२१ आणि २०२२ मध्ये खंड पडला. पण स्पर्धा टिकली. अलीकडच्या वर्षांत सर्व गट मिळून सहभागींची संख्या साठ हजारांच्या घरात गेली आहे. त्या पहाटे मध्य आणि पश्चिम रेल्वे विशेष लोकल सोडतात, पोलिस रस्ते मोकळे करून देतात, ठिकठिकाणी पाणी, डॉक्टर आणि रुग्णवाहिका सज्ज असतात, आणि पेडर रोडच्या चढावर संपूर्ण अनोळखी माणसे संत्र्याच्या फोडी व चिक्की घेऊन धावणाऱ्यांची वाट पाहत उभी असतात. एरवी एकमेकांना कोपराने ढकलणारे हे शहर त्या दिवशी एकमेकांसाठी टाळ्या वाजवते.

सोमवारच्या अंकात विजेत्यांच्या वेळा येतात, चित्रविचित्र वेषभूषांची छायाचित्रे येतात आणि विषय संपतो. प्रस्तुत प्रतिनिधीने गेली काही वर्षे हे वृत्तांकन पदपथावर उभे राहून केले आहे. यंदा प्रथमच पूर्ण मॅरेथॉनसाठी नाव नोंदवले असून स्पर्धेला आता सहा आठवडे उरले आहेत. आपल्याकडच्या बातम्या एका रविवारच्या असतात, आणि मॅरेथॉन मात्र त्याआधीच्या वीस रविवारी घडते, हे या काळात प्रकर्षाने जाणवले. त्या वीस रविवारी रस्ते बंद नसतात, पाणी नसते, डॉक्टर नसतो आणि टाळ्याही नसतात. स्पर्धेच्या दिवशी धावपटूंचे कौतुक करणारे शहर उरलेल्या दिवशी त्यांना कुठे जागा देते, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम या शब्दाविषयी. आपल्या वृत्तपत्रांनी ‘मॅरेथॉन’ या शब्दाची फार ओढाताण केली आहे. शाळेची तीन किलोमीटरची शर्यत ही मॅरेथॉन असते आणि मंत्रिमंडळाची लांबलेली बैठकही मॅरेथॉनच असते. (हा अपराध प्रस्तुत प्रतिनिधीच्या हातूनही घडलेला आहे.) वास्तविक मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि १९५ मीटर, एक मीटरही कमी नाही. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आला. विंडसर किल्ल्यापासून स्टेडियममधील राजघराण्याच्या आसनांपर्यंतचे ते अंतर होते आणि १९२१ मध्ये ते अधिकृत ठरले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ही शर्यत ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्याहूनही लांब होती. त्या शर्यतीत बेळगावचा एक मल्ल धावला होता, हे आज किती जणांना ठाऊक असेल? फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी ते अंतर २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पार करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. किलोमीटरमागे चार मिनिटांचा तो वेग आजच्या हौशी शहरी धावपटूला आधुनिक बूट घालूनही झेपणारा नाही. त्याआधी १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या खेडुतांची ताकद पाहून दोराबजी टाटांनी भारताचा चमू ऑलिंपिकला पाठवण्याचा ध्यास घेतला आणि चौगुले अँटवर्पला पोहोचले. सुमारे शंभर वर्षांनी मुंबईच्या स्पर्धेला टाटांचेच नाव लागावे, हा योगायोग मनोज्ञ खरा.

चौगुल्यांकडे सराव-तक्ता होता की नव्हता, कोण जाणे. आजच्या नवख्याकडे मात्र तो असतो आणि तो साधारण सोळा ते वीस आठवड्यांचा असतो. आठवड्यातून चार दिवस धावायचे, त्यातले तीन दिवस माफक आणि रविवारी लांब पल्ला. तो पल्ला बारा किलोमीटरपासून सुरू होऊन दर आठवड्याला थोडाथोडा वाढत ३० ते ३२ किलोमीटरपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. पूर्ण ४२ किलोमीटर सरावात कोणी धावत नाही. नवख्याच्या मनातली पहिली भीती इथेच जन्म घेते: उरलेल्या दहा किलोमीटरचे काय?

ती भीती निराधार नाही. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली साखर साधारणपणे दीड ते दोन हजार कॅलरी पुरवते. ७० किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर धावायला ढोबळमानाने ७० कॅलरी लागतात. म्हणजे पूर्ण शर्यतीला तीन हजारांच्या आसपास. शरीर चरबीही जाळत असते, पण ती सावकाश जळते. त्यामुळे तिशीच्या किलोमीटरच्या आसपास पाय एकाएकी शिशाचे होतात. धावपटूंच्या बोलीत याला ‘भिंत’ म्हणतात. वाटेत थोडे थोडे खात राहणे, सुरुवातीला उत्साहाच्या भरात वेग न वाढवणे, आणि लांब पल्ल्यांनी शरीराला चरबी वापरण्याची सवय लावणे, हेच तिच्यावरचे उपाय. शेवटचे दोन-तीन आठवडे सराव कमी करत न्यायचा असतो. घाम गाळणाऱ्याला सर्वांत जड जाते ते हेच स्वस्थ बसणे, असे अनुभवी मंडळी सांगतात. त्याचा अनुभव अजून यायचा आहे.

तक्ता कागदावर सोपा दिसतो. तो मुंबईच्या ऋतुचक्रावर ठेवून पाहिला की त्यातली मेख कळते. जानेवारीतील शर्यतीसाठी ऑगस्ट-सप्टेंबरात सुरुवात करावी लागते. तेव्हा पाऊस असतो, आणि डबक्याखाली खड्डा आहे की उघडे झाकण, हे पाय टाकल्याशिवाय समजत नाही. मग गणपती येतात. मंडपांनी रस्ते निम्मे होतात आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निर्माल्य व चिखलातून वाट काढावी लागते. ऑक्टोबरात सूर्य उगवण्याआधीच अंगातून धारा लागतात. दिवाळीत फराळ आणि फटाक्यांचा धूर एकाच वेळी दारात येतात. नोव्हेंबर-डिसेंबरात अखेर हवा गार होते, अंगात बळ आलेले असते, अंतर वाढते. आणि नेमकी तेव्हाच हवा श्वास घेण्याजोगी राहत नाही.

या शेवटच्या मुद्द्यापाशी थोडे थांबले पाहिजे. हिवाळ्यात वारे मंदावतात, रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि वरच्या उबदार थराखाली झाकण लावल्यासारखी अडकून राहते. बांधकामाची धूळ, वाहनांचा धूर, जाळलेला कचरा सारे त्यात साठते. सूर्य वर येईपर्यंत ते झाकण उघडत नाही. म्हणजे वाहनांपासून सुटका व्हावी म्हणून धावपटू जी पहाट निवडतो, तीच पुष्कळदा सर्वांत कोंदट असते. विश्रांतीच्या अवस्थेत माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. धावताना हे प्रमाण साठ लिटरच्याही वर जाऊ शकते, आणि तीही तोंडाने. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे. भारतीय मानक ६० आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती. त्यानंतर बांधकामांना हिरवे कापड लागले, रस्त्यांवर पाण्याचे टँकर फिरले. मात्र सरावाच्या पहाटे फोनवर हवेचा निर्देशांक पाहून बूट घालावेत की पुन्हा पांघरूण घ्यावे, हा निर्णय आजही ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. प्रस्तुत प्रतिनिधीने या मोसमात दोन मोठे पल्ले या कारणाने सोडले. ते योग्य केले की आळस केला, हे जानेवारीत कळेल.

हवेनंतर जागा. मरीन ड्राइव्ह साडेतीन किलोमीटरहून किंचित अधिक आहे. ३० किलोमीटर धावायचे तर त्याच कठड्याशी चारहून अधिक वेळा ये-जा करावी लागते, तरी ते भाग्यच समजायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये किनारी रस्त्यालगतचा विहारपथ खुला झाला, ही दक्षिण मुंबईसाठी उत्तम गोष्ट झाली. परंतु मॅरेथॉनला नाव देणारे सगळे दक्षिण मुंबईत राहत नाहीत. डोंबिवलीत राहणाऱ्या प्रस्तुत प्रतिनिधीसारख्याला ठाकुर्लीचा नव्वद फुटी रस्ता हेच मैदान आहे आणि तिथे चालणारे, धावणारे, शिकाऊ मोटारचालक व भटकी कुत्री अशी चौघांची वाटणी असते. लांब पल्ल्यासाठी दर दुसऱ्या रविवारी पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठायची, तीन-साडेतीन तास धावायचे, आणि परतताना मेगाब्लॉकमध्ये सापडून आखडलेल्या पायांनी दारात उभे राहायचे. विशेष लोकल वर्षातून एकदाच असतात.

पदपथ हा धावण्याचा मार्ग नव्हे, असे कोणी म्हणेल. मुंबईतला पदपथ चालण्याचाही मार्ग राहिलेला नाही, त्यामुळे तो वाद इथे नको. परिणाम असा, की धावणारा रस्त्याच्या कडेने धावतो. १९ मार्च २०२३ रोजी, रविवारी सकाळी, वरळी सागरकिनारी भरधाव मोटारीच्या धडकेत एका अनुभवी महिला धावपटूचा मृत्यू झाला. १४ जुलै २०२५ रोजी पंजाबात जालंधरजवळ आपल्या गावी रस्त्यावर फौजा सिंग यांना वाहनाने उडवले. एकोणनव्वदाव्या वर्षी, २००० साली लंडनमध्ये त्यांनी पहिली मॅरेथॉन पूर्ण केली, आणि २०११ मध्ये शंभराव्या वर्षी टोरांटोची शर्यत ८ तास ११ मिनिटांत संपवली. वयाने ज्याला थांबवले नाही, त्याला ११४ व्या वर्षी गावच्या रस्त्याने थांबवले. या दोघांपैकी कोणीही शर्यतीत धावत नव्हते.

आणि स्त्रिया? १९६७ साली बॉस्टनमध्ये कॅथरीन स्वित्झर यांना धावपट्टीवरून ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न झाला होता. ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडावे लागले. आता कोणी कोणाला शर्यतीबाहेर ओढत नाही. पण शर्यतीपर्यंत पोहोचण्यासाठी पहाटे साडेचारला एकटीने घराबाहेर पडावे लागते, त्याचे काय? आमच्या कार्यालयातील एक सहकारी यंदा अर्धमॅरेथॉनची तयारी करते आहे. रस्त्यावर दुचाकीवरून पाठलाग होण्याचा प्रकार दोनदा घडल्यावर तिने सोसायटीच्या आवारात धावायला सुरुवात केली. आवाराची एक फेरी १८० मीटरची. बारा किलोमीटरसाठी सदुसष्ट फेऱ्या. ‘‘वॉचमनकाका मोजतात, माझी चूक झाली की तेच सांगतात,’’ असे ती हसत सांगते. ऐकणाऱ्याला हसू येत नाही. स्वच्छतागृहांचा विषय तर काढायलाच नको; पहाटे पाचला उघडे असलेले सार्वजनिक स्वच्छतागृह शोधणे हा सरावाचाच एक भाग होऊन बसतो.

धावण्याच्या धोक्यांबद्दल दरवर्षी एक ठरावीक चर्चा होते. २०२० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये मुंबईच्या शर्यतीत सहभागी झालेल्यांचे मृत्यू झाले, तेव्हाही ती झाली. या बाबतीत आकडे पाहावेत. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख सहभागींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या आणि त्यांपैकी ४२ जण दगावले. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण लाखाला एक, अर्धमॅरेथॉनमध्ये त्याच्या जवळपास पाव. धोका क्षुल्लक नाही, पण ज्या भयाने घरची मंडळी ‘‘नको ते धाडस’’ म्हणतात, तेवढा मोठाही नाही. त्याच अभ्यासातील अधिक महत्त्वाची बाब अशी, की वाचलेल्यांच्या बाबतीत जवळच्या माणसाने ताबडतोब छाती दाबून दिलेला प्रथमोपचार निर्णायक ठरला होता. शर्यतीच्या दिवशी असा माणूस दर थोड्या अंतरावर उभा असतो. सरावाच्या पहाटे नव्वद फुटी रस्त्यावर कोण असणार? चाळिशीच्या आसपास पोहोचलेल्याने आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, आणि एकटे धावू नये, एवढे तरी पथ्य पाळायलाच हवे.

पाण्याचेही तसेच. कमी पाण्याने अनर्थ होतो, हे सर्वांना ठाऊक असते. अति पाण्यानेही होतो, हे नवख्याला कोणी सांगत नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या दिशेने घसरलेले आढळले. त्यांत चार तासांहून अधिक वेळ लावणारे, प्रत्येक टेबलापाशी थांबून पाणी पिणारे अधिक होते, म्हणजे आमच्यासारखेच. मुंबईच्या दमट हवेत घाम वाहतो आणि त्याबरोबर मीठही वाहते. केवळ पाणी ढोसत राहण्यापेक्षा चिमूटभर मीठ-साखरेचे सरबत बरे.

यात एक विसंगती आहे आणि ती नोंदवल्याखेरीज पुढे जाता येत नाही. महागडे बूट, मनगटावरचे घड्याळ, प्रशिक्षकाची फी, असा सारा सरंजाम घेऊन आपण शहरी माणसे धावायला निघतो. महाराष्ट्राचे नाव ज्यांनी लांब पल्ल्याच्या धावण्यात केले, त्या मात्र अशा सरंजामातून आलेल्या नाहीत. कविता राऊत नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची, ललिता बाबर साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोहीची, ज्योती गवते परभणीची. ललिताने मुंबईच्या शर्यतीत भारतीय महिलांत सलग अव्वल क्रमांक मिळवले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. त्याच ऑलिंपिकची मॅरेथॉन कविताने पूर्ण केली. मोहीच्या माळावर जागा होती, हवा होती. बाकी काही नव्हते. आपल्याकडे बाकी सगळे आहे.

मग करायचे काय? मागणी मोठी नाही. सप्टेंबर ते जानेवारी, दर रविवारी, पहाटे चार ते आठ या वेळेत प्रत्येक परिमंडळातला एक सलग पाच किलोमीटरचा रस्ता वाहनांना बंद ठेवावा. त्यावर दिवे चालू असावेत, एक पोलिस गाडी आणि एक उघडे स्वच्छतागृह असावे. हे अशक्य कोटीतले नाही. २०१४ मध्ये वांद्र्यात रविवारी सकाळी रस्ता नागरिकांसाठी मोकळा करण्याचा प्रयोग झाला होता. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरातील अनेक रस्त्यांवर रविवारची सकाळ मोकळी केली, तेव्हा मुले सायकली घेऊन आणि आजी-आजोबा पत्ते घेऊन रस्त्यावर बसले होते. दोन्ही प्रयोगांना सुरुवातीचा जोर पुढे राहिला नाही. असे उपक्रम अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभे राहतात आणि त्याच्या बदलीबरोबर आडवे होतात. नियमात त्यांना स्थान मिळत नाही. शिवाय वेळ महत्त्वाची आहे. सकाळी आठनंतर मोकळा केलेला रस्ता खेळायला ठीक, लांब पल्ल्याला निरुपयोगी.

आक्षेप येतील आणि ते खोटे नसतील. त्याच वेळी दुधाच्या गाड्या निघतात, भाजीचे टेम्पो बाजारात शिरतात, आणि वृत्तपत्रांच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या गाड्याही भरधाव सुटलेल्या असतात. धावणाऱ्या वार्ताहराला आपल्याच अंकाच्या गाडीने कट मारण्याचा प्रसंग या मोसमात एकदा येऊन गेला आहे. म्हणूनच रस्ते निवडताना विचार करावा लागेल. सारे शहर थांबवा, असे कोणी म्हणत नाही. वर्षातून एका दिवशी पोलिस, पालिका, रेल्वे आणि रुग्णालये मिळून जे घडवून आणतात, त्याचा विसावा हिस्सा उरलेल्या रविवारी मिळावा, इतकेच.

दरम्यान, सराव चालू आहे. पाच तासांच्या आत शर्यत संपवण्याचे ठरवले आहे. म्हणजे किलोमीटरमागे सात मिनिटे, चौगुल्यांच्या जवळजवळ निम्म्या वेगाने. आईला अजून एक कोडे सुटलेले नाही: ‘‘पळण्याचे पैसे तुला मिळणार, की तूच देणार?’’ उत्तर ऐकल्यावर तिने विषय बदलला, पण रविवारच्या पहाटेसाठी ओट्यावर राजगिऱ्याचे लाडू ठेवायला सुरुवात केली. संक्रांत शर्यतीच्या आसपासच येते, तेव्हा शेवटच्या दहा किलोमीटरसाठी खिशात तिळगूळ ठेवायचा, असेही ठरले आहे.

येत्या रविवारी सर्वांत मोठा पल्ला आहे: ३२ किलोमीटर. मरीन ड्राइव्ह ते वरळी आणि परत, मग उरलेले कठड्याकाठी. कार्यालयातील तीच सहकारी या वेळी सोबत येणार आहे. तिला सोळा धावायचे आहेत, आवाराबाहेर. शनिवारी मात्र रात्रपाळी लागली आहे. ती बदलून मिळावी म्हणून मुख्य वार्ताहरांकडे अर्ज दिला असून, हा मजकूर लिहून होईपर्यंत त्यावर उत्तर आलेले नव्हते.